आबाजींच्या मुनिमी पेटीच्या नोंदी

२८ जुलै २०२४, रविवार

रात्रभर पाऊस लागून होता. माजघरावरचे दोन कवेलू सरकले आणि माळ्यावर पाणी आलं, म्हणून सकाळी माळा रिकामा केला. कुजकी पोती, दमणीचं, म्हणजे छोट्या बैलगाडीचं, एक तुटकं चाक, आणि सगळ्यात मागे आबाजींची, माझ्या आजोबांची, पेटी. चौथीत होते तेव्हा हिच्यावर वही ठेवून पाढे लिहायचे. त्यानंतर ती माळ्यावर गेली ती आजच खाली आली.

उतरत्या झाकणाची, मांडी घालून लिहायची पेटी. लांबी ५८ सेंमी, रुंदी ४४, मागून उंची २६, समोरून १५. झाकण, बाजू आणि समोरची फळी सागवानाची, तळ आडजात लाकडाचा. झाकण काळंकुट्ट. बाजूंना, समोरून आणि पाठीला हिरवा ऑइलपेंट, समोरचे पापुद्रे सुटलेले. डावी बिजागरी तुटलेली. कुलूप पितळी, चावी नाही. तळाला बारीक भोकं.

आई म्हणाली, "दिवाळीपर्यंत चकचकीत करून घे, लक्ष्मीपूजनाला मांडू." भाऊ नागपूरहून फोनवर म्हणाला, फोटो पाठव, अशा वस्तूंना भाव आहे. दोघांनाही हो म्हटलं. पेटी ओसरीत, भिंतीपासून हातभर दूर, दोन विटांवर ठेवली. आईला ती उन्हात ठेवायची होती, मी ठेवू दिली नाही. ओलं लाकूड एकदम तापलं की फळी वाकते, नाहीतर चिरते. सावलीत, वाऱ्यावर, जितके दिवस लागतील तितके.

४ ऑगस्ट

आज काहीच केलं नाही, फक्त पाहिलं. सगळ्या बाजूंनी फोटो काढले, टॉर्च आडवी धरून. समोरून उजेड टाकला तर झाकण सपाट दिसतं. आडव्या उजेडात कळलं की उजव्या बाजूला, हात टेकतो तिथे, लाकूड खोलगट झालं आहे. स्टीलची पट्टी उभी धरून खाली कागद सरकवून पाहिले. मधे दीड मिलीमीटरची फट आहे. सागवानासारखं लाकूड नुसत्या मनगटाने आणि सदऱ्याच्या बाहीने दीड मिलीमीटर झिजायला किती वर्षं लागली असतील! त्या जागी पॉलिश नावालाही उरलेलं नाही, तरी लाकूड काचेसारखं गुळगुळीत आहे. दुपारी बराच वेळ तिथे हात ठेवून बसले होते.

फळीच्या कडेला वलयं मोजली, एका इंचात चौदा. हळू वाढलेलं झाड. बाजू एकमेकींत डव्हटेलने, म्हणजे शेपटीसारख्या खाचा गुंतवून, बसवल्या आहेत, आणि एकही डव्हटेल दुसऱ्यासारखा नाही, म्हणजे हाताने कापलेले. तळाचे खिळे चौकोनी डोक्याचे, ठोकून घडवलेले.

आत खण आहे, आणि खणात लाकूड कोरून केलेल्या चार वाट्या, मोठीपासून लहानापर्यंत. आजीला विचारलं. म्हणाली, "रुपये, आणे, पैसे, पया." रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पया. १ एप्रिल १९५७ पासून शंभर नव्या पैशांचा रुपया आला. पयांसाठी वाटी कोरून घेणारा माणूस त्याच्या आधीचाच. तेव्हा पेटी १९५७ च्या आधीची, एवढं खात्रीने म्हणता येतं. भावाला हवं असलेलं 'शंभर वर्षं जुनी' मी लिहिणार नाही.

११ ऑगस्ट

वर नेमकं काय लावलं आहे ते समजल्याशिवाय काही करायचं नाही, असं ठरवलं होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला, बिजागरीजवळ, कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून टेकवलं. पाच-सात सेकंदांत चिकट झालं आणि बोळा तपकिरी निघाला. म्हणजे लाखेचं पॉलिश, चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं. लाख आपल्याकडचीच, पळसावर, बोरीवर, कुसुमावर येणारी.

बाहेरच्या बाजूला तीच चाचणी केली तर बोळा कोराच राहिला. टर्पेन्टाइनने थोडा काळा मळ आला. तिथे लाखेवर तेलाचे थर आहेत. आजी सांगते, दरवर्षी पाडव्याच्या आधी आबाजी जवसाचं तेल चोळायचे. जवसाचं तेल वाळून पक्कं होतं, धूळ धरतं, काळं पडतं, आणि नंतर ते कशानेच सहज निघत नाही. घरोघरी सल्ला मिळतो, लाकडाला तेल पाज. जुन्या पॉलिशवर मी तरी पाजणार नाही.

मग चूक केली. मळ काढायचा म्हणून साबणाच्या पाण्याचा फडका फिरवला, आणि तो नीट पिळलेला नव्हता. दहा मिनिटांत झाकणाच्या डाव्या कोपऱ्यात, तेल उडून लाख उघडी पडली आहे तिथे, तळहाताएवढा पांढरट ढग आला. लाखेत ओल शिरली की असं होतं, त्यात ऑगस्टची हवा. पोटात गोळा आला. दोन दिवस तसंच राहू दिलं तर ढग अर्धा विरला. उरलेल्यावर स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला फडका एकदाच, न थांबता, पक्षी पाण्यावरून जातो तसा फिरवला. (ही ओळ मंगळवारी लिहिते आहे.) ढग गेला. यापुढे पाणी म्हणजे बोळा पिळून, आणि लगेच मागोमाग कोरडा फडका.

१५ ऑगस्ट

शाळेतलं झेंडावंदन आटोपून येताना सुतारकाकाजींना घेऊन आले. आमच्या घराच्या चौकटी त्यांच्या वडिलांनी केल्या आणि बंगई (झोपाळा) त्यांनी स्वतः. त्यांनी पेटी उलटीपालटी केली, डव्हटेलवरून नख फिरवलं आणि थोडा वेळ बोललेच नाहीत.

"पोरी, सोनं हाय हे. असं सागवान आता बल्लारशाच्या डेपोतही निवडून घ्या लागते. मले दे. अर्ध सूत रंधा मारतो, पेपर मारतो, वरून पॉलिश. वळखू येणार नाई."

"काकाजी, वळखू आली नाही तर मग काय उरलं?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "तुझ्या आबाजीनं लिहाले घेतली होती ना? खोलगट फळीवर कागद फाटते." हे खरं आहे. त्यांचं म्हणणं कारागिराचं आहे: वस्तू कामाला यावी.

मग दोघांनी मिळून हिशोब केला. खोलगटपणा घालवायचा तर सगळी फळी दीड मिलीमीटर खाली न्यावी लागेल, म्हणजे बरोबर त्यांचं अर्ध सूत. फळी अठरा मिलीमीटरची. तेवढी उतरवली की झाकण चौकटीच्या कडेपेक्षा खाली बसेल, मग कडही उतरवा. एकाच बाजूचं जुनं अंग काढलं की ती बाजू हवेतली ओल वेगळ्या वेगाने घेते आणि रुंद फळी वाटीसारखी वाकू शकते. हे काकाजींनीच सांगितलं, रंधा हातात असून. शेवटी म्हणाले, "मंग झाकणाले हात नको लावू. बाकीचं पाहू."

मी सगळंच जुनं जपा म्हणणारी नाही, हे इथे लिहून ठेवते. मागच्या वर्षी बाबांचं जेवणाचं टेबल याच काकाजींकडून घासून घेतलं. कारखान्यात फवाऱ्याने मारलेलं लॅकर, त्यावर गरम भांड्याचे डाग. लॅकर काढलं, नवं मारलं, टेबल सुधारलं. त्या वरच्या थरात कुणाचा हात नव्हता.

१८ ऑगस्ट

आज झाकणाची वरची कड साफ केली, बोटभर रुंदीची, जिथे दौत ठेवायचे. मळाखाली शाईचे ठिपके दिसायला लागले. आधी वाटलं शाई उडाली असेल. पण ठिपके पाच-पाचच्या ओळीत आहेत. एक ओळ, मग जागा सोडून दुसरी. काही ठिकाणी टाकाच्या टोकाने लाकडात बारीक खळगाच पडला आहे.

आजीला आणून दाखवलं. तिला आता नीट दिसत नाही, बोटाने चाचपलं. "गाड्या हायेत त्या." हंगामात अडतीसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. एक गाडी आत आली की वही उघडायच्या आधी आबाजी इथे टिंब द्यायचे. संध्याकाळी वहीतल्या गाड्या आणि झाकणावरची टिंबं जुळवायची, मग ओल्या फडक्याने पुसायची. पुसून पुसून जी राहिली ती ही.

आबाजी पुलगावला एका अडतीवर मुनीम होते आणि आर्वीहून छोट्या रेल्वेने जायचे. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि खाजगी व्यापाऱ्यांची खरेदी बंद झाली. अडत उठली. मालकाने हिशोब चुकता केला आणि आबाजींनी मागून घेतली ती ही पेटी. पुढे आमच्याकडे ती डाळींच्या डब्यांखाली राहिली, मग माझ्या वह्यांखाली.

काकाजी म्हणाले होते की शाईचे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने उतरतात. उतरतात, बरोबर. जुन्या शाईत लोह असायचं, आणि सागवानातल्या खिळ्याभोवती जो काळा डाग पडतो तोही लोहाचाच. दोन्ही त्या ॲसिडने फिके होतात. ती पुडी मी दुकानातून आणली होती. परत केली.

झाकण आहे तसं राहील. ठरलं.

२५ ऑगस्ट

भावाने फोटो पाठवला होता, त्यावरून जुन्या वस्तू घेणारा एक माणूस बोलेरो घेऊन आला. सहा हजार म्हणाला, मग आठ. मला एक गोष्ट त्याच्याकडून शिकायला मिळाली: त्याला झाकण घासलेलं नको होतं. "ताई, पॉलिश मारलं की आमच्याकडे अर्धी किंमत." बाहेरदेशी जाईल का, असं भावाने फोनवर विचारलं, तर त्याने विषय बदलला. १९७२ च्याच पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरच्या वस्तू खाजगी माणसाने परदेशी पाठवायला मनाई आहे. आपल्या पेटीचं वय ठरत नाही ही वेगळी गोष्ट. बाबा म्हणाले, "विकायची नाही." विषय संपला.

३ सप्टेंबर, तान्हा पोळा

शाळेतली सगळी पोरं लाकडी बैल घेऊन आली. आमच्याही घरी एक आहे, चाकांवरचा, बाबांच्या लहानपणचा. काल रात्री भाचीने आणि मी त्याला पांढरा रंग मारला, शिंगं लाल, डोळे काळे. खुराजवळ एक टवका उडाला होता तिथे रंगांचे थर दिसतात: पांढरा, पिवळसर, पांढरा, निळा, पुन्हा पांढरा. मी मोजले, अकरा.

हात रंगाने भरलेले असताना पेटीचा विचार मनात होता. बैल मूळ रूपात ठेवायचा म्हणून कुणी त्याला रंगवणं बंद केलं तर तो पोळ्यातून जाईल. त्याचं मूळ रूप म्हणजे दरवर्षीचा नवा रंग. पेटीचं तसं नाही. तिला आबाजींनी दरवर्षी तेल लावलं, तेही तिला वापरता यावं म्हणून. हिरवा रंग मात्र तिच्या कामाचा नव्हता. १९८४ साली आत्याच्या लग्नात दारं रंगवली, डबा उरला, तो बाबांनी पेटीला मारला. तेव्हा हिरवा रंग ठेवायचा की काढायचा, हा प्रश्न झाकणाच्या प्रश्नाहून वेगळा आहे. एकाच वस्तूच्या दोन फळ्यांना दोन न्याय लागू होऊ शकतात, हे मला आज बैल रंगवताना कळलं.

८ सप्टेंबर

तळाखाली तीन आठवड्यांपूर्वी काळा कागद पसरून ठेवला होता. भोकं जुनी आहेत की आत अजून कीड आहे ते कळावं म्हणून. आज कागदावर मैद्यासारख्या भुकटीच्या चार छोट्या ढिगल्या. कीड जिवंत आहे.

सागवानाच्या पक्क्या गाभ्याला ती जात नाही; आडजात तळालाच लागली आहे. तळ बदलायचा तर ते घडवलेले खिळे उपटावे लागतील. म्हणून आधी औषध. टाकणखार दीड भाग, बोरिक पावडर एक भाग, कोमट पाण्यात. तळाचं लाकूड बाहेरून कोरं आहे, पॉलिश नाही, म्हणून ते पाणी पितं. ब्रशने तीन हात, प्रत्येक हात वाळल्यावर दुसरा. रॉकेल लावायला शेजारच्या मामांनी सांगितलं होतं. रॉकेलचा वास महिनाभर राहतो.

नवा कागद पसरला आहे.

२९ सप्टेंबर

कागद कोरा.

आता हिरवा रंग. चाळीस वर्षांपूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असणं सहज शक्य आहे. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत असावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणून कोरडा पॉलिश पेपर अजिबात मारायचा नाही, हीट गनही नाही, आणि भाचीला त्या दिवशी ओसरीत येऊ द्यायचं नाही.

समोरच्या फळीवर काडेपेटीएवढी खिडकी उघडून पाहिली. पापुद्र्याच्या कडेने स्पिरिटचा थेंब सोडला. खालची लाख मऊ झाली आणि रंग बोटाच्या नखाएवढ्या तुकड्यांत सुटून आला. खाली लालसर सागवान. लाखेचा वरचा थोडा थर रंगाबरोबर गेला, हे नुकसान धरून चालायचं.

बाबा बाजूला उभे होते. म्हणाले, "मीच मारला होता तो. नवी दिसावी म्हणून." मी विचारलं, ठेवू का? बराच वेळ त्यांनी उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "समोरचा काढ. मागचा राहू दे."

पाठीचा रंग घट्ट आहे, कुठेही सुटलेला नाही, भिंतीकडे राहतो. समोरचा आणि बाजूंचा रोज गळतो आहे, आणि त्याखाली फळी आहे. मीही हेच ठरवलं असतं. पण ते त्यांनी ठरवलं हे बरं झालं.

१२ ऑक्टोबर, दसरा

तीन रविवारांचं काम दोन रविवार आणि आजच्या सकाळमध्ये आटोपलं. मास्क, हातमोजे, ओला फडका, खाली प्लॅस्टिक. सगळे पापुद्रे ओल्या कागदात गुंडाळून डब्यात बंद केले, चुलीत टाकले नाहीत.

समोरच्या फळीवर रंगाखाली दोन फिकट गोल निघाले, जमिनीपासून चार बोटांवर, एकमेकांपासून हातभर. मला उलगडा होईना. मग पेटीसमोर मांडी घालून बसले. माझे गुडघे बरोबर तिथेच टेकले. आबाजी माझ्याच उंचीचे होते, आजी सांगते.

२० ऑक्टोबर

बिजागरी. तुटलेली कापडात बांधून खणात ठेवली. नवी लोखंडी, साधी, त्याच मापाची आर्वीहून आणली. जुनी भोकं सैल झाली होती. त्यांत सागवानाची काडी सरसात बुडवून ठोकली आणि त्यातच स्क्रू बसवला. सरस मुद्दाम घेतला. कोमट पाण्याने तो पुन्हा सुटतो. उद्या कुणाला माझं काम चुकीचं वाटलं तर त्याला ते काढता आलं पाहिजे.

समोरच्या आणि बाजूंच्या फळ्यांना ताज्या लाखेचे दोन पातळ हात, फडक्याच्या बोळ्याने. घरात मागच्या वर्षीची भिजवलेली लाख होती, ती काचेवर लावून पाहिली तर दुसऱ्या दिवशीही नख रुतत होतं. जुनी लाख नीट वाळत नाही. फेकली, नवी भिजवली. झाकणाला लाख नाही. फक्त मधमाशीचं मेण, एक भाग मेण, तीन भाग टर्पेन्टाइन, गरम पाण्यात भांडं ठेवून विरघळवलेलं, विस्तवापासून दूर. मेण कधीही टर्पेन्टाइनने पुसून काढता येतं. खोलगट जागी मेणही अगदी पुसट लावलं.

आई चिंच घेऊन कुलपाशी आली होती. कुलूप चिंचेने लख्ख होईल, पण भोवतालच्या लाकडात आंबट पाणी मुरेल. तिला समजावलं. ती जरा रागावली आहे.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

पेटी माजघरात मांडली. चकचकीत नाही. समोरून तांबूस, वरून काळसर, मागून हिरवी. आईने हळदीकुंकू वाहायला हात पुढे केला आणि थांबली, मग झाकणावर विड्याचं पान ठेवून पानावर वाहिलं. वह्या म्हणून माझी शाळेची हजेरी आणि बाबांची कापसाची पावती.

काकाजी फराळाला आले. गुडघे टेकून बसले, झाकणाच्या खोलगटात हात ठेवला, म्हणाले, "बरं केलं."

राहिलेली कामं: तळाखालचा कागद जूनमध्ये पुन्हा पसरायचा. पावसाळ्यात पेटी विटांवरच. कुलपाची चावी करायला कुलूपवाल्याला घरी बोलवायचं, कुलूप काढून दुकानात न्यायचं नाही.